खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

नवा खाऱ्या पाण्याचा टँक लावून महिना-दीड महिना झाला की जवळपास प्रत्येकाकडे हेच होतं. पांढरी वाळू तपकिरी पडते, दगडांवर हिरवे केस उगवतात, काच सकाळी पुसली तर संध्याकाळी परत धुरकट, आणि मग माणूस घाबरून "शेवाळ मारायचं औषध कुठलं" विचारत सुटतो. तिथंच गाडी चुकते. कारण शेवाळ शेवाळ म्हणून आपण ज्याला सरसकट एकच नाव देतो त्यात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात, त्यातली एक तर चक्क बॅक्टेरिया आहे, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या पहिल्या टँकमध्ये केसाळ शेवाळ आलं होतं, फार नव्हतं, दोन दगडांवर होतं. मी काय केलं, जीएफओ म्हणजे फॉस्फेट ओढून घेणारे लोह-ऑक्साइडचे दाणे, तो सांगितलेल्या मापाच्या दुप्पट भरला, स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, जोरात लावला, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. आठ-दहा दिवसांत फॉस्फेट शून्य, नायट्रेट शून्य, हिरवे केस खरंच गेले. आणि त्यांच्या जागी तपकिरी, शेंबडासारख्या लोंबत्या तारा आल्या, प्रत्येक तारेच्या टोकाला बुडबुडा. ते डायनो होते, चिकट तारा करणारे सूक्ष्म एकपेशीय जीव. एकेक करून सगळ्या गोगलगायी मेल्या, दोन कोरल गेले, आणि तो टँक सावरायला पाच महिने लागले. आगीतून फुफाट्यात. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो कृपा करून मोडू नका, औषध सगळ्यात शेवटी आहे ते मुद्दामच.

पायरी १: नक्की काय आलंय ते बघा

दिवे लागून दोन-तीन तास झाले की टँकसमोर बसा आणि साधी पांढरी टॉर्च घ्या. निळ्या दिव्याखाली सगळे रंग फसवतात, तपकिरी कुठलं आणि लालसर कुठलं कळतच नाही.

वाळूवर आणि काचेवर तपकिरी पावडर भुरभुरल्यासारखी दिसते आणि बोट फिरवलं की धुरासारखी उडते, ते डायटम. यांचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे नव्या वाळूतून, दगडातून किंवा नळाच्या पाण्यातून सिलिका मिळत असेपर्यंत ते वाढतात. नव्या टँकमध्ये साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात आणि आपले आपण जातात. यांना काहीही करू नका, काच पुसा आणि थांबा. जुन्या, बसलेल्या टँकमध्ये अचानक आले तर मात्र तुमच्या आरओडीआयचा, म्हणजे आरओनंतर पाणी आणखी शुद्ध करणाऱ्या फिल्टरचा, रेझिन संपलाय असं समजा.

काचेवर येणारा हिरवा धुरकट थर म्हणजे नुसतं फिल्म अल्गी, ते कायमचं आहे, दोन-तीन दिवसांनी मॅग्नेटने पुसायचं. फक्त मॅग्नेट वाळूच्या जवळ नेताना जपा, एक कण अडकला की काचेवर जन्मभराचा ओरखडा.

हिरवे मऊ धागे, ओढले की सहज तुटून हातात येणारे, ते केसाळ शेवाळ, सगळे हेअर अल्गी म्हणतात, डर्बेशिया वगैरे बऱ्याच जाती यात येतात. आणि अगदी त्याच्यासारखंच दिसणारं पण नेच्याच्या पानासारखं, म्हणजे मधे एक दांडी आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या असलेलं, ते ब्रायोप्सिस. एक धागा काढून पाण्याच्या थेंबात ठेवा आणि भिंगाखाली बघा, फरक लगेच दिसतो. हा फरक ओळखण्यात दहा मिनिटं घालवाच, कारण ब्रायोप्सिसला बहुतेक गोगलगायी तोंड लावत नाहीत आणि पाणी कितीही स्वच्छ केलंत तरी ते तग धरून राहतं.

हिरवे चकचकीत फुगे, मोत्याएवढ्यापासून गोटीएवढे, ते बबल अल्गी, यातली ओळखीची जात म्हणजे व्हॅलोनिया. तो एक अख्खा फुगा म्हणजे एकच पेशी असते, जगातल्या सगळ्यात मोठ्या एकपेशीय जिवांपैकी एक. मला अजूनही ते बघून नवल वाटतं, पण टँकमध्ये ते पसरायला लागलं की पंप आणि पाइपात जाऊन बसतं.

गडद लाल, मरून किंवा कधी काळपट-हिरवी मखमली चादर, कोपरा धरून उचलली तर अख्खी सालीसारखी निघते, तिला एक कुबट वास येतो, ती सायनो. सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नाहीच, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात यांच्याच पूर्वजांनी केली, त्यामुळे टँकमधून यांना कायमचं हाकलून लावू असा विचार सोडून द्या, ताब्यात ठेवता येतात एवढंच.

आणि शेवटी डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी चिकट तारा, त्यात अडकलेले बुडबुडे, सकाळी वाळू जवळजवळ स्वच्छ आणि दुपारपर्यंत परत भरलेली. डायटम, सायनो आणि डायनो यात नव्या माणसाची हमखास गल्लत होते, तर एक सोपी परीक्षा सांगते. थोडा चिकट भाग पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून किंवा टिश्यू पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते तासभर उजेडात ठेवा. परत तारा आणि गोळे जमले तर डायनो, कारण त्या पेशी कागदातून निसटतात आणि पोहत पोहत पुन्हा एकत्र येतात. काही डायनो विषारी असतात, म्हणून हे करताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा.

दगडावर कडक, गुलाबी-जांभळा लेप येतोय आणि नखाने निघत नाही, तर त्याला हात लावू नका. ते कोरलाइन, ते हवंच असतं, ज्या जागेवर ते बसलं तिथं बाकीच्यांना पाय रोवायला जागा मिळत नाही.

पायरी २: मोजा, आणि मोजलेल्यावर आंधळा विश्वास ठेवू नका

दोन आकडे लागतात, नायट्रेट आणि फॉस्फेट, हेच शेवाळाचं खाणं. कोरल असलेल्या टँकला नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही सोयीची जागा. नुसते मासे असतील तर यापेक्षा जास्त चालतं. फॉस्फेटचं किट घेताना बारीक मोजणारं घ्या, गोड्या पाण्यासाठीचं जे किट ०.२५ च्या पायऱ्यांनी रंग दाखवतं त्याचा इथं काही उपयोग नाही, आपली सगळी लढाई त्याच्या पहिल्या पायरीच्या खालीच चाललेली असते. छोटा डिजिटल चेकर घेतलात तर तो काय दाखवतोय ते नीट वाचा, काही चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (शंभर कोटी भागांत इतके भाग) दाखवतात, त्या आकड्याला ३.०६ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं तेव्हा फॉस्फेटचा पीपीएम मिळतो. म्हणजे २० दिसलं तर ०.०६. हे न कळल्यामुळे लोक उगाच घाबरतात नाहीतर उगाच खूश होतात.

आता खरी गोम. टँक हिरव्या केसांनी भरलाय आणि टेस्ट मात्र शून्य दाखवतेय, मग लोक म्हणतात किट खराब आहे. किट बहुतेक वेळा बरोबर असतं. पाण्यात सुटलेलं सगळं शेवाळाने आधीच गिळलेलं असतं, तुम्ही मोजता ते उरलंसुरलं. शिवाय दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते, आणि तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यातलं कमी झालं की दगड ते हळूहळू सोडतो. एखाद्याच्या जुन्या, दुर्लक्षित टँकमधले दगड घेतले असतील तर ते महिनोन्महिने फॉस्फेट सोडत राहू शकतात. म्हणून आज पाणी बदललं, उद्या आकडा खाली, परवा परत वर, असं झालं तर हात टेकू नका, दगड रिकामा होतोय.

आकडे वहीत लिहा, तारखेसकट. आठवड्याला एकदा पुरे. एका आकड्यावरून काही ठरवू नका, चार आठवड्यांची दिशा बघा.

पायरी ३: हाताने काढा

याला पर्याय नाही, आणि नवे लोक नेमकी हीच पायरी टाळतात. टँकमधून बाहेर काढलेलं प्रत्येक मूठभर शेवाळ म्हणजे त्याने खाल्लेलं नायट्रेट-फॉस्फेट कायमचं बाहेर गेलं. तेच शेवाळ औषधाने टँकमध्येच मारलंत तर ते कुजून सगळं परत पाण्यात सोडतं, आणि पुढच्या पिकाला खत तयार.

मी करते ते असं. पाणी बदलायच्या दिवशीच हे काम ठेवायचं. पातळ एअरलाइनची नळी एका टूथब्रशला रबर बँडने अशी बांधायची की नळीचं तोंड ब्रशच्या केसांच्या अगदी शेजारी येईल. नळीचं दुसरं टोक खाली बादलीत. सायफन सुरू झाला की घासत जायचं, सुटलेलं शेवाळ तिथल्या तिथे ओढलं जातं, टँकभर उडत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण केसाळ शेवाळाचे तुटलेले तुकडे दुसऱ्या दगडावर बसले की तिथं नवीन शेती सुरू होते. लांब केस असतील तर आधी बोटाने चिमटीत धरून मुळापासून उपटा, मग ब्रश.

सुटे दगड असतील आणि त्यावर कोरल नसतील तर सरळ बाहेर काढा आणि टँकमधून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासा. नळाच्या पाण्यात घासू नका, दगडातले चांगले बॅक्टेरिया मरतात. घासून झालं की दुसऱ्या बादलीत खळखळून परत आत. एका वेळी सगळे दगड काढू नका, एक-दोन, बाकीचे पुढच्या आठवड्याला.

बबल अल्गीचे फुगे फोडू नका असं सगळे सांगतात, फुटल्यावर बीजं पसरतात म्हणून, ते दर वेळी होतंच असं नाही पण सावध राहण्यात काही जात नाही, चिमट्याने किंवा नखाने बुडाशी हलवून अख्खा काढायचा आणि शेजारी सायफनचं तोंड धरायचं. सायनोची चादर तर नुसत्या नळीने ओढली जाते, घासूसुद्धा नका. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) असेल तर या दिवशी घासकाम संपल्यावर लगेच बदला, आणि एरवीही तीन-चार दिवसांनी. सॉकमध्ये अडकलेला कचरा आठवडाभर तिथंच कुजला तर अडकवून फायदा काय.

काढलेलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाका. नाल्यात, ओढ्यात, समुद्रात अजिबात नाही. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया नावाचं मत्स्यालयातलं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या ओशनोग्राफिक म्युझियमसमोरच्या समुद्रात सापडलं आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियात सापडलं तेव्हा तिथं ताडपत्रीखाली झाकून क्लोरीन सोडून ते संपवायला २००६ उजाडलं. एवढुशा तुकड्यापासून हे होऊ शकतं.

पायरी ४: आत काय जातंय ते आवरा

पाण्यापासून सुरू करू. टँकमध्ये जाणारं सगळं पाणी, मिठाचं असो की बाष्पीभवन भरून काढायचं साधं, आरओडीआयचं हवं आणि टीडीएस मीटरवर ० दिसलं पाहिजे. नुसतं आरओ पुरत नाही, घरात प्यायच्या आरओचा टीडीएस बऱ्याचदा ३०-४० च्या वर असतो आणि त्यात सिलिका, नायट्रेट काहीही असू शकतं. मीटरवर १-२ दिसायला लागलं की रेझिन बदला, "अजून चालेल" म्हणू नका, कारण संपत आलेला रेझिन आधी धरून ठेवलेलं सिलिका पाण्यात सोडू शकतो. आणि बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी कायम साध्या पाण्यानेच भरायचं, मीठ उडून जात नाही.

मग खाणं. मासे नेहमीच भुकेलेले दिसतात, तो त्यांचा स्वभाव, त्यावर जाऊ नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एक-दोनदा. फ्रोझन खाणं वितळवून त्याचं पाणी गाळून टाकलंत तर बरं, पण त्याने फार मोठा फरक पडेल असं समजू नका, फॉस्फेट खरं तर त्या खाण्यातच असतं. म्हणजे कमी घालणं हा उपाय, धुणं नाही. पण खाणं इतकंही तोडू नका की मासे खंगतील.

पाणी बदलण्याबद्दल एक हिशेब सांगते म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतील. नायट्रेट ४० आहे आणि २० टक्के पाणी बदललं तर ३२ होतं, पुढच्या वेळी २५.६, तिसऱ्यांदा २०.५, आणि हे मधल्या काळात नवीन काही तयार झालं नाही असं धरून. म्हणजे एका बदलात जादू होत नाही. दर आठवड्याला १० ते १५ टक्के नेमाने बदला आणि बदलताना मोठ्या सिरिंजने किंवा छोट्या पंपाने दगडांच्या फटीतला गाळ फुंकरून काढा, वाळूचा थोडा थोडा भाग सायफनने धुवा. अख्खी वाळू एकदम ढवळू नका, खालच्या थरातली घाण एकदम वर आली तर मासे दगावू शकतात.

उजेड आणि प्रवाहावर फार लिहीत नाही. नव्या टँकला दिवसाला सहा तास दिवा पुरे, कोरल आल्यावर हळूहळू आठ-नऊ. टायमर लावा, हाताने चालू-बंद करू नका. खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर पडदा. वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये प्रवाह तयार करणारे पंप, असे ठेवा की दगडांच्या मागे गाळ साचणार नाही, सायनो नेहमी अशाच मंद कोपऱ्यात आधी येतो, तो कुठे आलाय त्यावरून प्रवाह कुठे कमी पडतोय ते कळतं.

पायरी ५: खाणारे प्राणी आणा

ज्यांना वाटतं की सगळा खेळ नुसत्या पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटचा आहे त्यांना मी कॅरिबियन समुद्राची गोष्ट सांगते. १९८३-८४ मध्ये एका रोगाने तिथले डायडेमा जातीचे काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन ९० टक्क्यांहून जास्त मेले. वादळ आणि बेसुमार मासेमारीने जमैकाचे प्रवाळ आधीच खिळखिळे झाले होते, चरणारे मासे कमी होते, आणि हे शेवटचे चरणारेही गेले. काही वर्षांत तिथल्या कोरलवर शेवाळाचं रान माजलं. रानात गुरं नसतील तर गवत वाढणारच, ते टँकमध्येही तसंच आहे.

पण हे लक्षात घ्या की कुणी सगळंच खात नाही, आणि लांब वाढलेलं शेवाळ फारच थोडे प्राणी खातात. आधी हाताने बुडापर्यंत कापा, मग प्राणी आणा, ते कोवळे कोंब खाऊन मैदान साफ ठेवतात. हा क्रम उलटा केला तर गोगलगायी लांब केसांत अडकून उपाशी मरतात.

गोगलगायींमध्ये ट्रोकस माझ्या सगळ्यात आवडीच्या, काच आणि दगड दोन्ही साफ करतात आणि उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. अ‍ॅस्ट्रिया चांगल्या पण उताण्या पडल्या की तशाच मरतात, रोज बघून सरळ करावं लागतं. टर्बो भरपूर खातात, केसाळ शेवाळसुद्धा, पण रणगाड्यासारख्या फिरतात आणि चिकटवले नसलेले कोरल पाडतात. सेरिथ छोट्या, वाळूत आणि फटीत जातात. नासारियस मात्र शेवाळ खात नाहीत, उरलेलं मांसाहारी खाणं खातात, वाळू हलती ठेवतात, त्या कामासाठी हव्या तर आणा. १०० लिटरला चार-पाच ट्रोकस आणि थोड्या सेरिथ एवढ्यावर सुरुवात करा, बाजारात सांगतात तसं पन्नास-पन्नास आणू नका, निम्म्या मरतात आणि कुजून शेवाळालाच पोसतात. आणताना थेंब-थेंब पद्धतीने, म्हणजे त्यांच्यासोबत आलेल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबाथेंबाने मिसळत, तासभर तरी सवय लावा, खारटपणातला फरक त्यांना सोसत नाही. आणि टँकमध्ये कधी तांब्याचं औषध टाकलेलं असेल तर अपृष्ठवंशी प्राणी आणायच्या आधी कॉपर टेस्ट करा.

हर्मिट खेकडे शेवाळ खातात पण शंखासाठी गोगलगायींना मारतात, ठेवायचे असतील तर रिकामे मोठे शंख टाकून ठेवा. एमराल्ड खेकडा बबल अल्गी खातो, सगळेच खातात असं नाही, पण एक-दोन ठेवून बघण्यासारखं आहे. टक्सेडो अर्चिन दगड अक्षरशः खरवडून साफ करतो, कोरलाइनसकट, आणि सुट्या गोष्टी पाठीवर घेऊन हिंडतो. सी हेअर, म्हणजे समुद्री गोगलगायीचाच एक प्रकार, केसाळ शेवाळाचा सगळ्यात मोठा खाणारा, पण शेवाळ संपलं की उपाशी मरतो, आणि पंपात अडकून मेला तर त्याच्या रंगद्रव्याने टँक धोक्यात येतो, म्हणून काम झालं की ज्याच्याकडे शेवाळ आहे त्याला द्या.

माशांमध्ये लॉनमोअर ब्लेनी छोट्या टँकलाही चालतो. टँग फार कामाचे, यलो टँग आणि कोले टँग विशेष, पण त्यांना पोहायला लांबी लागते, चार फुटांच्या खालच्या टँकमध्ये टँग ठेवणं मला पटत नाही, शेवाळासाठी तर नाहीच. फॉक्सफेस ब्रायोप्सिससकट बरंच काही खातो, त्याचे काटे विषारी असतात, हात घालताना तो कुठे आहे ते बघा.

पायरी ६: शेवाळाला दुसरीकडे जागा द्या

सम्प, म्हणजे टँकखालची फिल्टरची दुसरी टाकी, असेल तर त्यात एक कप्पा रेफ्युजियम करा, त्यात किटो म्हणजे किटोमॉर्फा नावाचं गुंतवळ्यासारखं शेवाळ ठेवा आणि रात्री, मुख्य दिवे बंद असताना, त्यावर जोरदार दिवा लावा. जे नायट्रेट-फॉस्फेट दगडावरच्या शेवाळाने खाल्लं असतं ते इथं किटो खातं, आणि तुम्ही दर दोन आठवड्यांनी मूठभर काढून टाकता. रात्री लावल्याने पीएच पण फार पडत नाही. कॉलेर्पा ठेवू नका, ते कधी कधी एका रात्रीत बीजं सोडून अख्खं कोसळतं आणि पाणी दुधाळ होतं. हीच कल्पना जाळीवर वाहत्या पाण्यात शेवाळ वाढवून खरवडायची असेल तर तो अल्गी स्क्रबर, स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी ही पद्धत विकसित केली, जागा कमी लागते आणि काम चोख होतं. सम्प नसलेल्यांनी हँग-ऑन स्किमर आणि नेमाने पाणी बदलणं यावर भागवावं, भागतं.

जीएफओ वापरायचा असेल तर सांगितलेल्या मापाच्या पाव भागाने सुरुवात करा, दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट मोजा, ०.०३ च्या खाली जायला लागलं की काढून ठेवा. माझी चूक इथंच झाली होती.

सायनो, डायनो आणि ब्रायोप्सिस यांचं वेगळं

सायनोला आधी चादर ओढा, प्रवाह वाढवा, वाळूतला गाळ काढा आणि आकडे बघा, बऱ्याचदा नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र भरपूर असं असतं, तेव्हा नायट्रेट थोडं वर आणलं की सायनो मागे हटतो. तीन दिवस पूर्ण अंधार केला, टँकवर चादर घालून, तरी चांगला कमी होतो, कोरल तीन दिवस सोसतात. त्यावर विकली जाणारी औषधं काम करतात, पण मेलेला सायनो कुजताना ऑक्सिजन ओढतो, म्हणून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावल्याशिवाय ती टाकू नका, आणि पाणी गढूळ झालेल्या आजारी टँकमध्ये तर अजिबात नाही.

डायनोचं सगळं उलटं. इथं पाणी जास्त स्वच्छ झालंय हीच अडचण असते. जीएफओ काढा, स्किमर कमी करा, पाणी बदलणं काही दिवस थांबवा, खाणं वाढवा, गरज पडली तर टँकसाठी मिळणारं नायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण टाकून नायट्रेट ५ च्या वर आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास रोज मोजून टिकवा. हे करताना मन धजत नाही, मला माहितेय, कारण टँक आधीच घाण दिसत असतो. पण डायनोच्या जागेसाठी भांडणारं दुसरं काहीतरी वाढल्याशिवाय ते जात नाहीत, आणि हिरवं शेवाळ परत दिसायला लागलं तर ती चांगली बातमी समजा. स्वस्तातला मायक्रोस्कोप मिळाला तर जात बघा. थेंबाच्या आकाराचे, एका जागी गिरकी घेणारे ऑस्ट्रिओप्सिस असतील तर ते रात्री पाण्यात सुटतात, म्हणून यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून नेणारं यंत्र, थेट टँकमधूनच पाणी घेईल असं लावलं की आठवड्यात फरक दिसतो. वाळूतच राहणारे अ‍ॅम्फिडिनियम असतील तर यूव्हीने फारसं काही होत नाही, तिथं थोडं सिलिका टाकून डायटमना वाढू देतात म्हणजे ते वाळूवरची जागा घेतात. पहिल्या पायरीत ज्या डायटमना आपण नुसतं पुसत होतो तेच इथं कामाला येतात.

ब्रायोप्सिस पक्कं ओळखलं असेल, भिंगाखाली पिसं बघितली असतील, तर छंदातले लोक फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात, लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवून. बहुतेक वेळा काम होतं. पण मासे आणि कोरल खूश आहेत का रोज बघा आणि शेवटी मोठा पाणीबदल करा.

हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त ३ टक्क्यांचं, आणि माझ्या मते फक्त टँकच्या बाहेर. दगड किंवा कोरलचा प्लग (ज्या चकतीवर कोरल चिकटवलेलं असतं ती) बाहेर काढायचा, शेवाळावर तेवढ्याच जागी ब्रशने लावायचं, कोरलच्या मांसाला लागू द्यायचं नाही, दोन-तीन मिनिटं थांबायचं, खाऱ्या पाण्यात धुवून परत आत. थेट टँकमध्ये ओतणारे आहेत, पण क्लीनर श्रिंपसारख्या कोळंबीला ते सोसत नाही.

किती दिवस लागतात हे सगळे विचारतात. केसाळ शेवाळ असेल तर नेमाने दर आठवड्याला हाताने काढून दोन ते तीन महिने धरा. पहिले तीन-चार आठवडे काहीच फरक दिसत नाही, पाचव्या-सहाव्या आठवड्यात काढलेल्या जागेवर परत उगवायला वेळ लागतोय असं जाणवतं, मग एके दिवशी त्याच जागेवर कोरलाइनचा गुलाबी ठिपका दिसतो. तोवर एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा, दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

आणि दगड साफ झाले की चरणाऱ्यांची आठवण ठेवा. मागची काच पुसणं बंद करा, तिथं वाढेल ते त्यांना राहू द्या. टँग असेल तर नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी क्लिपला लावा, अर्चिनजवळ दगडाखाली एक तुकडा दाबून ठेवा. ट्रोकस दिवसभर एकाच जागी चिकटून बसायला लागल्या, कवच हलकं वाटायला लागलं, तर त्यांच्यातल्या दोन-तीन एखाद्या नव्या टँकवाल्याला द्या, त्याचा टँक त्या वेळी नक्की हिरवा असेल.